बाणाची दोन टोके

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या प्रवासाची एक आकृती देशभर फिरत होती. वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर, मोबाइलच्या पडद्यांवर तपशील थोडेफार बदलत, पण रचना तीच असे. डावीकडे निळी पृथ्वी, तिच्याभोवती क्रमाने लांबत जाणाऱ्या कक्षा, मग उजवीकडे झेपावणारा एक लांब बाण आणि त्याच्या टोकाशी चंद्र. अशा आकृतीखाली बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘प्रमाणात नाही’. मी महाविद्यालयात गणित शिकवते आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची संगणक-प्रयोगशाळाही पाहते. तिथे एका मुलीने विचारले, “मॅडम, प्रमाणात काढली तर ही आकृती कशी दिसेल?” प्रश्न साधा होता, म्हणून आम्ही ती आकृती तिथल्या तिथे लिहून पाहिली.

‘काढून’ असे न म्हणता ‘लिहून’ म्हणते आहे, ते जाणूनबुजून. आम्ही हाती पेन्सिल घेतली नाही आणि माऊसने रेघाही ओढल्या नाहीत. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. तो १ सेंटिमीटर मानावा, असे एक वाक्य संगणकाला सांगितले. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे या प्रमाणात ३०.२ सेंटिमीटर. ए-फोर कागदाची लांब बाजू २९.७ सेंटिमीटर असते. कागद आडवा धरला तरी चंद्र त्याच्या बाहेर पडला! १४ जुलैच्या उड्डाणानंतर यान ज्या पहिल्या कक्षेत गेले, तिचे सर्वांत दूरचे टोक भूपृष्ठापासून सुमारे ३६,५०० किलोमीटरवर होते. ते आमच्या कागदावर तीन सेंटिमीटरांच्याही आत आले. ऑगस्टच्या मध्यास लँडर विलग होण्यापूर्वीची चंद्राभोवतीची कक्षा सुमारे दीडशे किलोमीटर उंचीची होती. तिचे अंतर आले ०.१२ मिलिमीटर, आणि आमच्या आकृतीतल्या साध्या रेघेची जाडीच होती ०.१४ मिलिमीटर. ती कक्षा चंद्राच्या कडेच्या रेघेत विरून गेली. वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. अवकाशातल्या मोहिमेला किती अचूक नेम लागतो, हे सांगणारी अनेक विशेषणे त्या मुलांनी वाचली होती. त्या दिवशी त्यांना तो नेम मिलिमीटरांत दिसला.

वृत्तपत्रांतल्या आकृत्या चुकीच्या होत्या, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांनी आपली मर्यादा आकृतीखालीच सांगितली होती. मला सांगायचे आहे ते वेगळे. आकृती शब्दांत आणि आकड्यांत लिहावी लागली, की ती एक विधान बनते. प्रत्येक बाण कुठून निघतो आणि कुठे पोचतो, हे लिहिणाऱ्याला सांगावेच लागते. आणि जे विधान आहे ते तपासता येते, दुरुस्त करता येते, दुसऱ्या भाषेत नेता येते. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी अशी आकृती लिहून पाहावी, असे मला वाटते. त्याची कारणे या लेखात मांडते.

प्रथम हे लिहिणे म्हणजे काय ते पाहू. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र यांतील पुष्कळसे शोधनिबंध ‘लाटेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तयार होतात. तिच्यात आकृत्या लिहिण्यासाठी आज सर्वाधिक रुळलेली भाषा म्हणजे ‘टिक्झ’. तिच्यातले साधे वाक्य असे असते: आरंभी ‘ड्रॉ’ ही आज्ञा, मग चौकटी कंसात बाणाचा प्रकार, मग गोल कंसात आरंभाचे निर्देशक, दोन आडव्या रेघा, शेवटाचे निर्देशक आणि अखेरीस अर्धविराम. शून्य-शून्यपासून तीन-दोनपर्यंत बाण काढ, एवढाच त्याचा अर्थ. अर्धविराम विसरला तर प्रणाली थांबते आणि तो विसरलात का, असे विचारते. निर्देशकांऐवजी बिंदूंना नावेही देता येतात. ‘अ’ पासून ‘ब’ पर्यंत बाण, असे लिहिले की पुढे ‘ब’ कुठेही हलवा, बाण त्याच्यामागे जातो. बाणाला जागा ठाऊक नसते, त्याला नाते ठाऊक असते. माऊसने काढलेल्या चित्रात हे नाते काढणाऱ्याच्या मनात राहते आणि कागदावर उरते ती केवळ रेघ.

ही सोय सहजी मिळालेली नाही. १९७७ साली डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली आणि त्या अक्षरजुळणीने ते इतके निराश झाले की त्यांनी स्वतःच ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली. तिच्या जोडीला अक्षरे घडवण्यासाठी त्यांनी ‘मेटाफाँट’ ही भाषा रचली. तिच्यात अक्षराचे वळणच समीकरणांनी सांगायचे असते. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकच्या पायावर लाटेक उभारले. त्यात चित्रांसाठी एक सोय होती, पण ती फार अवघडलेली. तिरप्या रेघा आणि बाण अक्षरांसारख्याच छोट्या ठशांतून जुळवावे लागत आणि ठसे मोजकेच होते. बाणाचा चढ ठरवणारे दोन आकडे उणे ४ ते ४ यांच्या दरम्यानचे पूर्णांक असावेत आणि त्यांना सामाईक विभाजक नसावा, असा नियम होता. मोजून पाहिले तर सगळ्या मिळून ४८ दिशा होतात. एकोणपन्नासाव्या दिशेला बाण सोडायचा असेल, तर आकृतीतली वस्तूच हलवावी लागे.

त्यानंतर क्नूथ यांचेच विद्यार्थी जॉन हॉबी यांनी मेटाफाँटची भाषा चित्रांसाठी वळवली आणि ‘मेटापोस्ट’ सिद्ध केले. दिलेल्या बिंदूंतून डोळ्याला सुखद वाटेल असा वक्र कसा न्यावा, यासाठी त्यांनी शोधलेली रीत आजही वापरात आहे. जर्मनीतील संगणकशास्त्रज्ञ टिल टांटाऊ यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधातील आकृत्यांसाठी एक छोटे साधन लिहिले. तेच वाढत वाढत टिक्झ झाले. त्या नावाचा जर्मन विस्तार मिस्किल आहे: ‘टिक्झ हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम नाही’. त्याच्या हजाराहून अधिक पानांच्या पुस्तिकेत एक सल्ला आहे, जो मी दरवर्षी वर्गात सांगते. एखादी आकृती जेवढी जागा घेते, तेवढ्या जागेतला मजकूर लिहायला जितका वेळ लागेल तितका वेळ त्या आकृतीसाठीही राखून ठेवावा. आपल्याकडे प्रबंधाची शंभर पाने दोन वर्षांत लिहिली जातात आणि त्यातल्या वीस आकृत्या शेवटच्या दोन रात्रींत चिकटवल्या जातात. हा सल्ला त्या दोन रात्रींविषयी आहे.

अध्यापनात येण्यापूर्वी मी चेन्नईत वैज्ञानिक नियतकालिकांची अक्षरजुळणी करणाऱ्या एका कंपनीत होते. जगभरच्या संशोधकांचे गणित चेन्नई, पुदुच्चेरी, बंगळूर, तिरुवनंतपुरम अशा शहरांतल्या संगणकांवरून जाऊन मग छापले जाते, हे अनेक वाचकांना ठाऊक नसते. निबंधावर लेखकाचे नाव असते, नियतकालिकाचे असते, जुळणाऱ्याचे नसते. दिवसाची पाने ठरलेली असत आणि ती पुरी करण्याच्या घाईत आकृतीकडे थांबून पाहणे ही चैन होती. लेखकांकडून काही आकृत्या हाताने काढून, छायाचित्रासारख्या स्कॅन करून येत. त्या आम्ही पुन्हा लिहायच्या. त्या काळी आमच्याकडे अशा कामाला ‘एक्सवाय-पिक’ नावाचे पॅकेज अधिक चाले. टिक्झ नुकते येऊ लागले होते.

एकदा बीजगणितातल्या एका निबंधाची आकृती माझ्याकडे आली. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार संच आणि चार बाजूंना चार बाण. गणितात अशा आकृतीचा अर्थ ठाम असतो: वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडून खाली या किंवा खालून उजवीकडे जा, फळ एकच मिळाले पाहिजे. मी संहिता लिहू लागले. पहिला बाण, कुठून आणि कुठे. दुसरा बाण, कुठून आणि कुठे. तिसऱ्याशी हात थांबला. हस्तलिखितात त्याचे टोक वर होते, आणि तसे असेल तर त्या मार्गाने पुढे जाताच येत नव्हते. मजकुरात मात्र तेच फलन वरून खाली येत होते. मी लेखकासाठी प्रश्न नोंदवून ठेवला. दोन दिवसांनी उत्तर आले की बाण उलटा हवा. एवढेच. ती चूक कोणत्याही सिद्धान्ताला बाधक नव्हती, पण तो निबंध वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची एक दुपार तिने नक्की खाल्ली असती. ‘मलाच कळत नाही’ असे म्हणून त्याने वही मिटली असती. छापलेला बाण उलटा असू शकतो, ही शंका नवख्या वाचकाच्या मनात येत नाही. तो स्वतःवरच शंका घेतो.

विज्ञानात बाण ही सजावट नसते, हे त्या नोकरीत मला नीट उमगले. गणितात फलनासाठी बाण वापरण्याची प्रथा फार जुनी नाही. १९४० च्या सुमारास विटोल्ड हुरेविच यांनी ती सुरू केली, असे मानले जाते. १९४५ मध्ये आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांचा प्रसिद्ध निबंध आला आणि बाणांचेच एक शास्त्र उभे राहिले. त्या शास्त्रात बाणाच्या शेपटाला आकडी असेल तर फलन एकैकी असते, टोक दुहेरी असेल तर आच्छादक असते. रसायनशास्त्रात एका दिशेचा बाण म्हणजे अभिक्रिया, एकमेकांवर ठेवलेले दोन उलटसुलट बाण म्हणजे समतोल, आणि दोन्ही टोकांना अग्रे असलेला एकच बाण म्हणजे एकाच रेणूची पर्यायी चित्रणे. त्यापलीकडे आहेत ते वाकडे बाण, ज्यांचा वापर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ पासून रूढ केला. पूर्ण अग्राचा वाकडा बाण इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून कुठे जाते ते सांगतो. अर्ध्या अग्राचा, गळासारखा दिसणारा बाण एकाच इलेक्ट्रॉनविषयी बोलतो. नवशिके विद्यार्थी हमखास प्रोटॉनपासून बाण सुरू करतात, कारण त्यांच्या मनात हलणारी वस्तू प्रोटॉन असते. फाइनमन आकृत्यांत तर रेघेवरच्या बाणाची दिशा उलटली की कणाचा प्रतिकण होतो.

या साऱ्या बाणांना संहितेत स्वतंत्र नावे आहेत. गणितासाठी टिक्झ-सीडी, रसायनशास्त्रासाठी केमफिग, विद्युत मंडलांसाठी आणखी वेगळे पॅकेज. विद्यार्थ्याला बाण निवडताना त्याचे नाव टंकावे लागते, आणि नाव टंकण्यासाठी तो कोणता आहे हे ठरवावे लागते. चित्रांच्या यादीतून ‘बरा दिसतो’ म्हणून उचललेला बाण आणि विचार करून नाव दिलेला बाण यांत हाच फरक आहे.

चेन्नईत मी तांबरमला राहत होते. सकाळी लोकलकडे निघाले की दारोदारी तांदळाच्या पिठाचे कोलम पडलेले असत: आधी ठिपक्यांची जाळी, मग त्या ठिपक्यांना वळसे घालत जाणारी अखंड रेघ. मला माझ्या आत्याची पोस्टकार्डे आठवत. तिची रांगोळ्यांची देवाणघेवाण पत्रांतून चाले, आणि कार्डावर चित्र काढायला जागा नसल्यामुळे ती रांगोळी शब्दांत लिही: नऊ ते एक ठिपके, मधला सोडून भोवतालचे चार जोडावे, मग प्रत्येक टोकाला पाकळी. आमच्याकडे ते कार्ड वाचून दारात तीच रांगोळी उमटे. आत्याचे शिक्षण सातवीपर्यंतचे. आकृती लिहिण्याची विद्या तिला पुरती अवगत होती.

पुढे वाचनात आले की याच तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातील गिफ्ट सिरोमणी आणि राणी सिरोमणी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमचे व्याकरण मांडणारा निबंध प्रसिद्ध केला होता. ठराविक चिन्हे आणि ती बदलण्याचे नियम दिले की नियम लावत लावत कोलम तयार होतो, आणि अशा नियमांचे वर्गीकरण भाषेच्या व्याकरणासारखे करता येते, हा त्या कामाचा गाभा. चित्रभाषांच्या औपचारिक अभ्यासातले हे आरंभीचे आणि महत्त्वाचे काम उंबऱ्यावरच्या पिठातून आले, याचे मला आजही अप्रूप वाटते. आणखी मागे गेलो तर शुल्बसूत्रे आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदीचा चौरस कसा आखावा, श्येनाच्या आकाराची चिती कशी मांडावी, हे बौधायन आणि आपस्तंब सांगतात ते सूचनांच्या रूपात: इथे शंकू रोवा, दोरीला इथे खूण करा, तिथपर्यंत ताणा. मुखोद्गत करायच्या त्या सूत्रांत आकृती काढलेली नाही, ती सांगितलेली आहे. त्यातून ‘टिक्झ आमच्याकडे आधीच होते’ असा पोकळ निष्कर्ष कोणी काढू नये. एवढेच ध्यानात घ्यावे की आकृती शब्दांनी सांगणे ही माणसाची जुनी गरज आहे, आणि ते शब्द संदिग्ध असून चालत नाहीत.

आता वर्गातले एक उदाहरण. उतरणीवर ठेवलेला ठोकळा आपण सर्वांनी काढला आहे: वजनाचा बाण खाली, अभिलंब बलाचा उतरणीला काटकोनात, घर्षणाचा उतरणीवरून वर. वह्यांत हे तिन्ही बाण साधारण सारख्याच लांबीचे असतात. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना ही आकृती अशी लिहायला सांगते की कोन एकदाच, अगदी वर लिहायचा आणि बाणांच्या लांब्या त्यावरून काढायच्या. वजनाचा बाण ३ सेंटिमीटर. अभिलंब बलाचा त्याच्या कोसाइन पट. ठोकळा स्थिर असेल तर घर्षणाचा साइन पट. कोन ३० अंश असताना अभिलंब बल २.६ सेंटिमीटर आणि घर्षण १.५ सेंटिमीटर येते. मग कोन बदलत जायचे. एका विद्यार्थ्याने तो ८० अंश केला. अभिलंब बलाचा बाण आक्रसून अर्धा सेंटिमीटर उरला आणि घर्षणाचा वाढून जवळजवळ तीन सेंटिमीटर झाला. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, एवढेसे दाबून एवढे घर्षण कुठून येणार? हा ठोकळा इथे राहीलच कसा?”

राहणार नाहीच. तिथे राहायचे तर घर्षणाचा गुणांक साडेपाचाहून अधिक लागेल, आणि लाकूड, लोखंड, दगड यांच्या नेहमीच्या पृष्ठभागांना तो एकाच्याही आत असतो. स्थितिक घर्षणाला मर्यादा असते हे वाक्य त्या मुलाने बारावीत पाठ केले होते. आकृतीने ते त्याच्याकडून प्रश्नाच्या रूपात वदवून घेतले. हाताने काढलेल्या सारख्या बाणांना हे करता आले नसते, कारण त्यांना कोन ठाऊकच नव्हता.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ मात्र भाषेचा आहे. आपल्या बहुभाषक देशात विज्ञानाची आकृती बहुधा इंग्रजी नावे अंगावर घेऊनच जन्माला येते. ती चित्र म्हणून उचलली की नावे त्या चित्रातच गोठलेली असतात. मराठी, तमिळ किंवा बांगला पुस्तकात ती तशीच चिकटवावी लागते, नाहीतर कोणीतरी ती पहिल्यापासून पुन्हा काढते आणि काढताना एखादा बाण निसटतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मजकूर मराठीत वाचतो आणि आकृतीपाशी आला की अडखळतो. संहितेतली आकृती मात्र मजकूरच असते. ‘अभिलंब बल’ या दोन शब्दांच्या जागी दुसऱ्या भाषेतले शब्द घातले की आकृती त्या भाषेची होते. बाण, कोन, लांब्या तशाच राहतात. देवनागरीपुरती ही वाट १९९१ मध्ये नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेल्थुइस यांनी प्रथम सोपी केली. त्यांनी मेटाफाँटमध्ये देवनागरी अक्षरे घडवली. २००४ मध्ये जॉनथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने संगणकावरचे कोणतेही आधुनिक वळण थेट वापरण्याची सोय केली. आज आकृतीवर मराठी नावे घालण्यात तांत्रिक अडचण उरलेली नाही. उणीव आहे ती अशा आकृत्या लिहून ठेवणाऱ्यांची.

भारतात या प्रणालीचा प्रसार करणाऱ्यांचे ऋण इथे नोंदवले पाहिजे. केरळ विद्यापीठातील गणितज्ञ के. एस. एस. नंबूदिरीपाद हे अर्धसमूहांवरील संशोधनासाठी ओळखले जातात. टेकच्या आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारातही त्यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या आणि सी. व्ही. राधाकृष्णन यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १९९८ मध्ये टेक वापरणाऱ्यांची भारतीय संघटना उभी राहिली. टेकची जागतिक परिषद २००२ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये तिरुवनंतपुरमला भरली. ही साधने विनामूल्य आहेत, त्यांची संहिता खुली आहे आणि ती जुन्या संगणकावरही चालतात. महागडे रेखाटन-सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या तालुक्याच्या महाविद्यालयाला ही गोष्ट लहान नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. सगळ्याच आकृत्या लिहून काढण्याजोग्या नसतात. हृदयाचा छेद, पानावरच्या शिरांचे जाळे, कीटकाचे अंग यांसाठी निरीक्षण करणारा डोळा आणि सरावलेला हात यांना पर्याय नाही. पहिल्या आकृतीला तास-दोन तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ विसरलेल्या अर्धविरामात जातो. गुंतागुंतीची आकृती तयार होताना संगणकही रेंगाळतो. सुबकपणाचा एक मोहदेखील आहे: रेखीव आकृती खरी वाटते. प्रमाणात काढलेला चुकीचा बाण हा हाताने काढलेल्या चुकीच्या बाणापेक्षा अधिक फसवा असतो, कारण त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

अलीकडे ही जोखीम वाढली आहे. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जीपीटी-४ विषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात भाषेवर वाढलेल्या त्या प्रारूपाला टिक्झमध्ये एकशिंगी घोडा काढायला सांगितले होते आणि त्याने तो ओळखता येईल असा काढला होता. आता माझे विद्यार्थीही शब्दांत मागणी करतात आणि काही क्षणांत संहिता मिळवतात. मी त्यांना अडवत नाही. मी त्यांना ती संहिता मोठ्याने वाचायला सांगते: हा बाण कुठून निघाला, कुठे पोचला, का? ज्याला वाचता येते त्याला अशी मदत हा वेळेचा लाभ आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या प्रबंधात कोणाचा तरी बाण उलटा बसतो, आणि तोंडी परीक्षेत त्याविषयी विचारले की उत्तर त्या विद्यार्थ्यालाच द्यावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, सुरुवात लहानशी करा. दहावीच्या पुस्तकातले बहिर्गोल भिंगाचे किरणाकृतीचे पान उघडा. नाभीय अंतर आणि वस्तूचे अंतर हे दोन आकडे वर लिहा, प्रतिमेचे अंतर भिंगाच्या सूत्रावरून संहितेलाच काढू द्या, आणि दोन किरणांचे बाण त्यावरून सोडा. मग वस्तू हळूहळू नाभीकडे सरकवा आणि प्रतिमा कुठे कुठे जाते ते पाहा. वस्तू नाभीवर आली की गणित का अडते, याचा विचार करा. बाणांवर नावे आपल्या भाषेत घाला: मुख्य अक्ष, नाभी, प्रकाशीय केंद्र. आणि ती आकृती मित्राला पाठवाल तेव्हा तिचे छायाचित्र पाठवू नका, तिची संहिता पाठवा. तुमचा एखादा बाण चुकला असेल, तर तो ती ओळ वाचून तुम्हाला तसे सांगू शकेल.